३८ पैकी ३६ जागा जिंकल्या, तरी देशातून बाहेर पडता आलं नाही

यावेळी एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतोय. मागच्या महिन्यात १ जुलैच्या कॅनडा दिनाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यात सहज म्हणून गेलो होतो की कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात त्या दिवशी सगळेच काही खूष नव्हते. त्यावर बरीच पत्रं आली.

प्रश्न : माझा मुलगा नोव्हा स्कोशियाच्या राजधानीत, हॅलिफॅक्सला शिकतो. त्याने तिथल्या विधानसभेच्या आवारातल्या जोसेफ हाऊच्या पुतळ्याचा फोटो पाठवला आणि म्हणाला, बाबा, हा माणूस कॅनडा बनायच्या विरोधात होता, त्यावरच इलेक्शन जिंकला आणि नंतर कॅनडाचाच मंत्री झाला. हे खरं आहे का? आणि इलेक्शन जिंकून पण ते लोक बाहेर का नाही पडले? (एक वाचक, कराड)

खरं आहे, फक्त मधे बरंच काही घडलंय, ते सांगतो.

१८६७ च्या आधी आजचा कॅनडा नव्हताच. ब्रिटिशांच्या वेगवेगळ्या वसाहती होत्या, प्रत्येकीची आपापली विधानसभा, आपापली कस्टम ड्युटी, आपापलं कर्ज. नोव्हा स्कोशिया ही अटलांटिकच्या काठावरची वसाहत, १८६१ च्या जनगणनेत लोकसंख्या ३,३०,८५७, धंदा म्हणजे मासेमारी, लाकडी जहाजं बांधणं, ती जगभर फिरवणं आणि थोडा कोळसा. त्यांचं तोंड समुद्राकडे होतं, बोस्टनकडे, वेस्ट इंडिजकडे, लंडनकडे. आतला तो क्युबेक-ओंटारियोचा भाग त्यांच्यासाठी परकाच, तिकडे जायला धड सलग रेल्वेसुद्धा नव्हती.

१८६४ ला शार्लटटाउन आणि मग क्युबेकला परिषदा झाल्या आणि सगळ्या वसाहतींचं एक संघराज्य करायचा आराखडा ठरला. कारणं होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं आणि ते संपल्यावर ती फौज उत्तरेकडे वळेल अशी धास्ती होती, अमेरिकेशी १८५४ पासून असलेला मोकळ्या व्यापाराचा करार १८६६ ला संपला, आणि ब्रिटनला पण या वसाहतींच्या संरक्षणाचा खर्च अंगावरून उतरवायचाच होता. नोव्हा स्कोशियाचा तेव्हाचा प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होता चार्ल्स टपर. पेशाने डॉक्टर, अंगाने धिप्पाड, आणि स्वभावाने असा की एकदा ठरवलं की मागे बघणार नाही.

या टपरने लोकांना विचारलंच नाही, सगळी ठिणगी इथे आहे. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमधे १८६५ ला याच मुद्द्यावर इलेक्शन झालं आणि संघराज्यवाले आपटले होते (वर्षभरात परत जिंकले, ती गोष्ट वेगळी), ते बघून टपर शहाणा झाला. त्याचा पक्ष १८६३ ला निवडून आला तेव्हा हा विषय प्रचारात नव्हताच, पण त्याच विधानसभेत एप्रिल १८६६ मधे ठराव आणला आणि ३१ विरुद्ध १९ मतांनी पास करून घेतला. मग लंडनच्या पार्लमेंटने मार्च १८६७ ला ब्रिटिश नॉर्थ अमेरिका ॲक्ट, म्हणजे संघराज्याचा कायदा, मंजूर केला, आणि असं सांगतात की त्या बिलापेक्षा त्यानंतरच्या कुत्र्यांवरच्या कराच्या बिलाला सभागृहात जास्त उत्साह होता. १ जुलै १८६७ ला कॅनडा अस्तित्वात आला. हॅलिफॅक्समधे ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ या पेपरने वसाहत मेल्याची चक्क निधनवार्ता छापली.

आणि मग, अडीच महिन्यांनी, १८ सप्टेंबर १८६७ ला निवडणूक. मुलीचं लग्न लावून, वरात घरी पोचल्यावर तिला विचारायचं की मुलगा पसंत आहे का, तसा हा प्रकार.

नोव्हा स्कोशियात त्या दिवशी दोन्ही निवडणुका एकत्र झाल्या, प्रांताच्या विधानसभेची आणि ओटावाच्या, म्हणजे कॅनडाच्या राजधानीतल्या, नव्या पार्लमेंटची. विधानसभेच्या ३८ जागा, त्यातल्या ३६ अँटी-कॉन्फेडरेशनवाल्यांना म्हणजे संघराज्य नको म्हणणाऱ्यांना. संघराज्यवाल्यांना २, इन्व्हर्नेसमधून हायरम ब्लँचर्ड आणि कंबरलंडमधून हेन्री पिनिओ. ओटावासाठी १९ जागा, त्यातल्या १८ विरोधकांना. उरलेली एक कुणाची? टपरची. कंबरलंडमधून तो ९७ मतांनी वाचला. बाकी सगळं मैदान साफ. गंमत म्हणजे हा ब्लँचर्ड तेव्हा प्रांताचा प्रीमियर होता, टपर ओटावाच्या तयारीला लागल्यावर जुलैमधे त्याला खुर्चीत बसवलेलं. म्हणजे बिचारा प्रीमियर स्वतः निवडून आला आणि त्याच्यामागे उरला एक आमदार. पुढच्या वर्षी निवडणूक याचिकेत त्याची ती जागाही गेली.

टपरच्या विरुद्ध कंबरलंडमधे उभा होता विल्यम ॲनँड, त्याच ‘मॉर्निंग क्रॉनिकल’चा मालक. तो पडला, पण त्याचा पक्ष प्रांतात जिंकला, मग त्याला वरच्या सभागृहात, म्हणजे लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमधे घेतलं आणि नोव्हेंबरमधे तोच प्रीमियर झाला. विधान परिषदेतून मुख्यमंत्री होणं आपल्याला काही नवीन नाही.

आकड्यांबद्दल एक सांगायला पाहिजे, कारण ३८ पैकी ३६ वाचून वाटतं की सगळा प्रांत एका बाजूला होता. तसं नव्हतं. विरोधकांना मतं मिळाली साधारण साठ टक्क्यांच्या आसपास. पण बहुतेक काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, दोन-दोन आमदार निवडायचे, हॅलिफॅक्स आणि पिक्टूतून तीन-तीन, आणि माणूस एकदा एका बाजूला गेला की त्या बाजूची सगळी नावं देणार, त्यामुळे काउंटीत थोडी जरी आघाडी असली तरी सगळ्या जागा एकाच पक्षाला. कोळशाच्या पट्ट्यात, पिक्टू आणि केप ब्रेटनकडे, संघराज्याला बरा पाठिंबा होता कारण रेल्वे आली तर कोळसा आत विकता येईल हा हिशोब, आणि यारमथसारख्या जहाजवाल्यांच्या गावात उलट, तिथे संघराज्य म्हणजे आपल्या धंद्यावर आतल्या लोकांचा कर. म्हणजे चाळीस टक्के मतं घेऊन टपरच्या बाजूला दोन आमदार.

लोक चिडले होते ते मुख्यतः दोन गोष्टींवर. पहिली, विचारलं नाही. दुसरी, पैसा. वसाहतीचं मुख्य उत्पन्न कस्टम ड्युटीतून यायचं, ते आता ओटावाला जाणार, आणि बदल्यात कायद्यातल्या ११८ व्या कलमाप्रमाणे प्रांताला वर्षाला ६०,००० डॉलर आणि शिवाय डोई ८० सेंट. हे ८० सेंट प्रचारात फार चाललं. विरोधकांचा पुढारी हाऊ सभेत सांगायचा की तुम्हाला मेंढीच्या कातड्याच्या भावात विकलंय. मच्छीमाराला घटनात्मक मुद्दे कळले नसतील पण मेंढीच्या कातड्याचा भाव त्याला पाठ होता.

आता तुमच्या मुलाचा खरा प्रश्न, मग बाहेर का नाही पडले. कारण जी विधानसभा त्यांनी जिंकली तिच्या हातात ते नव्हतंच. कायदा केला होता लंडनने, रद्द करायचा तर लंडननेच. फेब्रुवारी १८६८ ला ॲनँडच्या विधानसभेने ठराव केले की आम्हाला मोकळं करा, आणि हाऊ, ॲनँड वगैरे मंडळी विलायतेला गेली. वसाहतमंत्री होते ड्यूक ऑफ बकिंगहॅम. त्यांनी सरळ नाही म्हटलं. (हेच ड्यूक पुढे १८७५ ला मद्रासचे गव्हर्नर होऊन आले, मोठा दुष्काळ त्यांच्याच काळातला, चेन्नईचा बकिंगहॅम कालवा त्यांच्याच नावाचा.) जून १८६८ मधे जॉन ब्राइट या खासदाराने ब्रिटिश पार्लमेंटमधे निदान चौकशी आयोग तरी नेमा असा ठराव मांडला, तो ८७ विरुद्ध १८३ मतांनी पडला. वर्षाअखेरीला ब्रिटनमधे सरकार बदललं, ग्लॅडस्टन आला, त्याच्या सरकारनेही तेच उत्तर दिलं. म्हणजे निकाल एकदम स्पष्ट आणि त्या निकालाचा उपयोग शून्य. माझं मत विचाराल तर टपरने हे सगळं ओळखूनच आधी कायदा आणि मग इलेक्शन असा क्रम लावला होता.

प्रश्न : त्या काळात मतदान कसं व्हायचं? मतपत्रिका होत्या का? बायकांना मत होतं का? (एक वाचिका, नाशिक)

मतपत्रिका नव्हती. १८६७ ला नोव्हा स्कोशियात मत उघड द्यायचं, म्हणजे मतदान केंद्रावर जायचं, सगळ्यांसमोर नाव सांगायचं, आणि ते वहीत लिहिलं जायचं. तुमचा सावकार, जहाजाचा मालक, जमीनदार, सगळे ऐकतायत. कुणाचं किती झालं हे दिवसभर सगळ्या गावाला कळत राहायचं, आणि त्यावरून दुपारनंतर कुणाला घरातून ओढून आणायचं ते ठरायचं. गुप्त मतदान तिथे १८७० च्या कायद्याने आलं, तरी ओटावाच्या आधी, देशपातळीवर ते १८७४ ला आलं. शेजारच्या न्यू ब्रन्सविकने मात्र १८५५ लाच आणलं होतं.

मत फक्त पुरुषांना, २१ वर्षांवरच्या, आणि तेही मालमत्ता असेल तर. यात एक उलटा प्रवास आहे जो मला फार बोलका वाटतो. १८५४ ला नोव्हा स्कोशियाने जवळजवळ सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क दिला होता, आणि नऊ वर्षांनी, १८६३ ला, तो काढून परत मालमत्तेची अट आणली. हक्क एकदा दिला की परत घेता येत नाही असं आपण धरून चालतो, इथे बिनदिक्कत घेतला. ‘अँटी’ लोकांचा राग मोजताना हेपण धरायला हवं की ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशा खलाशी-मजुरांना त्या दिवशी तोंड उघडायची परवानगीच नव्हती. तिथले मूळ रहिवासी मिगमॉ लोक, त्यांना १८५४ च्या त्या उदार कायद्यातसुद्धा वगळलं होतं. बायकांना १८५१ ला कायद्यात स्पष्ट लिहून बाहेर काढलं आणि मत मिळालं थेट १९१८ ला.

आणखी एक. क्युबेक आणि ओंटारियोत १८६७ चं मतदान ऑगस्ट-सप्टेंबरमधे बरेच आठवडे चाललं, एका मतदारसंघाचा निकाल बघून दुसऱ्यात मतदान. सरकारला सोयीच्या जागा आधी ठेवता यायच्या, म्हणजे हवा तयार होते. नोव्हा स्कोशियात एकाच दिवशी असल्यामुळे तो खेळ तिथे चालला नाही.

प्रश्न : मग हा हाऊ शेवटी फुटलाच ना? आपल्याकडे याला पक्षांतर म्हणतात. अशा माणसाचा पुतळा कशाला? (एक वाचक, अकोला)

फुटला असं त्याच्या गावचे लोक पण म्हणाले, आणि तुमच्यापेक्षा कडक शब्दांत. पण जरा थांबा.

पुतळा १९०४ ला बसवला तो काही मुख्यतः १८६७ साठी नाही. जोसेफ हाऊ जन्मला हॅलिफॅक्सला १८०४ मधे, छापखान्यात शिकला, पेपर काढला. १८३५ ला त्याने गावच्या कारभाऱ्यांचा भ्रष्टाचार छापला म्हणून त्याच्यावर बदनामीचा खटला भरला, तेव्हाचा कायदा असा की छापलेलं खरं असलं तरी तो बचाव चालायचा नाही. एकही वकील उभा राहायला तयार नव्हता, हा स्वतः उभा राहिला, तासन् तास बोलला, आणि ज्यूरीने सोडून दिलं. त्यानंतर त्याने लढाई धरली की सरकार गव्हर्नरला नाही तर विधानसभेला जबाबदार असलं पाहिजे, आणि फेब्रुवारी १८४८ ला नोव्हा स्कोशियात तसं सरकार आलं, ब्रिटिश वसाहतींमधे पहिलं. पुतळा या माणसाचा आहे.

तर असा माणूस १८६८ च्या शेवटी काय करणार होता ते बघा. लंडनने दार लावलं. पक्षातले काही गरम डोक्याचे लोक बोलायला लागले की मग अमेरिकेत सामील होऊ. हाऊचा बाप बोस्टनहून आलेला, अमेरिकन क्रांतीत राजाची बाजू घेऊन सगळं सोडून आलेला, त्यामुळे अमेरिकेचं नाव काढलं की याच्या पोटात गोळा. बंड करायचं नाही, अमेरिकेत जायचं नाही, लंडन ऐकत नाही. उरलं काय? जॉन मॅकडॉनल्ड, कॅनडाचा पंतप्रधान, महा चतुर, तो १८६८ च्या ऑगस्टमधे स्वतः हॅलिफॅक्सला येऊन बसला आणि हाऊशी बोलणी सुरू केली.

जानेवारी १८६९ ला सौदा झाला. प्रांताचं जे कर्ज ओटावाने अंगावर घ्यायचं त्याची मर्यादा ८० लाख डॉलरवरून ९१,८६,७५६ केली आणि दहा वर्षं दरसाल ८२,६९८ डॉलर जादा. महिनाअखेरीला हाऊ मंत्रिमंडळात. मंत्री झाल्यामुळे नियमाप्रमाणे परत पोटनिवडणूक लढवावी लागली, हँट्स काउंटीत, ऐन कडाक्याच्या थंडीत, वय चौसष्ट, प्रचारात असा आजारी पडला की पुन्हा कधी पूर्ण बरा झाला नाही. जिंकला मात्र. ज्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मधे १८६५ ला त्याची संघराज्याविरुद्धची निनावी पत्रं गाजली होती, त्याच पेपरने आता त्याची सालटी काढली, आणि मालक ॲनँड, आयुष्यभराचा दोस्त, शत्रू झाला. मे १८७३ ला हाऊला नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर केलं आणि तीनेक आठवड्यांत, १ जूनला, तो वारला.

मला वाटतं आपल्याकडच्या आयाराम-गयारामशी तुलना इथे बसत नाही. त्याने खुर्ची घेतली हे खरंच, पण प्रांतासाठी काही आकडा पदरात पाडून घेतली, आणि तो आकडा कागदावर आहे. ज्यांनी शिव्या दिल्या त्या ॲनँडच्या सरकारने ते जादाचे पैसे नाकारल्याचं काही दिसत नाही.

प्रश्न : त्यानंतर वेगळं व्हायची भाषा संपली का? (पुण्याहून एक कॉलेज विद्यार्थिनी)

संपली नाही, पण हळूहळू ती इलेक्शनपुरती झाली.

१८७१ ची विधानसभा निवडणूक गुप्त मतदानाने झाली. ॲनँडचा पक्ष जिंकला पण ३६ वरून २४ वर आला, समोरचे २ वरून १४ वर. लोकांचा राग होता पण रोजच्या कारभाराचे प्रश्न आले होते, आणि ‘अँटी’ म्हणून जे एकत्र होते ते आता सरळ लिबरल पक्ष म्हणून ओळखले जायला लागले. आतल्या प्रांतांशी जोडणारी रेल्वे १८७६ ला पूर्ण झाली.

मग १८७१ नंतर पंधरा वर्षांनी पुन्हा भडका. लाकडी जहाजांचा जमाना संपत आला, लोखंडी वाफेची जहाजं आली, १८७९ पासून मॅकडॉनल्डने आयात मालावर भारी ड्युटी लावली ज्याचा फायदा मुख्यतः आतल्या प्रांतांच्या कारखान्यांना, आणि नोव्हा स्कोशियाची तिजोरी रिकामी. प्रीमियर होता विल्यम फील्डिंग, आधी पत्रकार, आणि कुठल्या पेपरात? ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मधेच. मे १८८६ ला त्याने विधानसभेत संघराज्यातून बाहेर पडायचा ठराव आणला आणि १५ जून १८८६ ला त्यावर निवडणूक लढवून ३८ पैकी २९ जागा जिंकल्या.

इथे जो डाव झाला तो खरा अभ्यासासारखा आहे. आठच महिन्यांनी, फेब्रुवारी १८८७ ला, ओटावाच्या पार्लमेंटची निवडणूक आली. टपर तोपर्यंत लंडनला कॅनडाचा हायकमिशनर होता, त्याला मुद्दाम परत बोलावून मैदानात उतरवलं. नोव्हा स्कोशियाच्या २१ जागांपैकी १४ कॉन्झर्व्हेटिव्हना, म्हणजे संघराज्याच्या बाजूला. तोच प्रांत, जवळपास तेच मतदार, आठ महिन्यांत दोन उलट निकाल. फील्डिंगने विषय गुंडाळला, कारण बहुतेक त्याला पण ओटावाकडून जास्त पैसेच हवे होते आणि वेगळं होण्याची धमकी हे त्यासाठीचं हत्यार, असं माझं वाचन आहे. १८९६ ला हाच फील्डिंग ओटावाला पंतप्रधान लॉरिएच्या सरकारात अर्थमंत्री म्हणून गेला. आणि टपर? त्याच वर्षी तो काही आठवडे पंतप्रधान होता, ६९ दिवस, कॅनडात इतका कमी काळ दुसरं कुणी नाही.

आजचं विचाराल तर प्रांताने नुसती विधानसभा जिंकून भागत नाही. १९९५ चं क्युबेकचं सार्वमत अगदी काठावर फसल्यानंतर कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ ला सांगितलं की एकतर्फी बाहेर पडता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत असेल तर बाकीच्यांना बोलणी करावीच लागतील. २००० ला त्यावर कायदाही झाला. १८६८ ला हाऊशी निदान बोलणी करायला लंडनला कुणीतरी भाग पाडलं असतं तर बरंच वेगळं झालं असतं.

प्रश्न : हॅलिफॅक्सला डलहौसी युनिव्हर्सिटी आहे म्हणे. सातारचं राज्य खालसा करणारा तोच का डलहौसी? (एक वाचक, सातारा)

तो नाही, त्याचा बाप. नववा अर्ल ऑफ डलहौसी, जॉर्ज रॅमसे, १८१६ ते १८२० नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता, १८१८ ला त्याने ते कॉलेज काढलं. पैसा कुठून आला तर १८१२ च्या युद्धात ब्रिटिशांनी अमेरिकेचं कॅस्टीन बंदर काही काळ धरलं होतं, तिथे वसूल केलेल्या कस्टम ड्युटीतून. हा बाप पुढे भारतात सरसेनापती म्हणूनही येऊन गेला. मुलगा जेम्स, तो तुमचा डलहौसी, १८४८ ला गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याच वर्षी सातारा, १८५४ ला नागपूर. १८४८ म्हणजे तेच साल ज्या साली हाऊच्या प्रांतात विधानसभेला जबाबदार सरकार आलं.